गतीचा जमाखर्च

सप्टेंबर २०१८मध्ये परभणीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येऊ लागले, आणि त्याला कारण ना कृषी विद्यापीठाने सिद्ध केलेले एखादे नवे वाण होते, ना तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस. कारण होते ते एवढेच की, त्या महिन्यात येथील पेट्रोलचा भाव लिटरमागे ९० रुपयांना जाऊन भिडला आणि तो मुंबईच्या भावाहूनही सुमारे दोन रुपयांनी चढा असल्याचे सर्वांच्या ध्यानात आले. पुढे २०२१च्या उन्हाळ्यात साध्या पेट्रोलने शंभर रुपयांची हद्द ओलांडली, तेव्हाही ती मुंबईच्या आधी परभणीने ओलांडली. ज्या जिल्ह्याचा सारा व्यवहार कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांच्या भरवशावर चालतो, त्या जिल्ह्याच्या वाट्याला देशातील सर्वांत महाग पेट्रोलांपैकी एक यावे, ही घटना सहज विसरण्याजोगी नाही; आणि मोटार काटकसरीने कशी हाकावी या विषयाचे विवेचन याच जिल्ह्याच्या आधाराने करावे, असे मला वाटते ते त्यामुळेच.

हा भाव चढा का, याचे उत्तर नकाशात आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले पेट्रोल नळवाहिनीने सह्याद्री ओलांडून मनमाडजवळच्या पानेवाडी येथील साठवण केंद्रांत येऊन पडते, आणि तेथून परभणीपर्यंतचा सुमारे तीनशे किलोमीटरांचा पल्ला त्याला टँकरमध्ये बसून कापावा लागतो. निजामी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मनमाडपासून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे जो लोहमार्ग टाकण्यात आला, त्याचीच दिशा धरून आजही या जिल्ह्याकडे बाहेरचा माल येतो, आणि पेट्रोल त्याला अपवाद नाही. केंद्राचे उत्पादनशुल्क सर्व देशभर सारखेच; राज्याच्या विक्रीकराचा दर तर त्या काळी मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांच्या हद्दीत उर्वरित महाराष्ट्रापेक्षा किंचित अधिकच होता; सबब परभणीचा भाव मुंबईच्या वर गेला तो कराच्या नव्हे, तर अंतराच्या पायी. पेट्रोल वाहून आणणारा टँकर स्वतः डिझेल जाळतो, आणि त्या डिझेलचा खर्चही अखेर पेट्रोल विकत घेणाऱ्याच्याच नावे पडतो. १६ जून २०१७पासून भाव रोजच्या रोज ठरू लागल्यामुळे तर आज टाकी भरावी की उद्या, एवढ्यापुरतेही शहाणपण चालविण्यास ग्राहकाला वाव उरला नाही.

तात्पर्य, भाव ठरविणे हे वाहनधारकाच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे तो केवळ खप, आणि खपाच्या बाबतीत त्याचा अधिकार तो स्वतः समजतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढीच माणसे आणि तेच पेट्रोल असूनही दोन चालकांच्या खर्चात लक्षणीय तफावत पडते. उतावीळपणे वेग वाढविणे व करकचून ब्रेक लावणे या सवयींमुळे मोठ्या रस्त्यावर पंधरा ते तीस टक्के, आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्याहूनही अधिक इंधन व्यर्थ जाऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नमूद केले आहे. हे इंधन जाते कोठे, हे नीट उमगल्यावाचून काटकसरीचे नियम पाठ करण्यात अर्थ नाही, म्हणून प्रथम तिकडे वळू.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा साठविलेली असते. इंजिनात ते जळले की तिचा फार मोठा भाग रेडिएटरवाटे आणि धुराड्यावाटे उष्णतेच्या रूपाने निघून जातो, काही भाग इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात खर्ची पडतो, आणि चाकांपर्यंत पोहोचतो तो अनुकूल परिस्थितीतसुद्धा ढोबळमानाने चौथा हिस्सा, म्हणजे आठएक मेगाज्यूल. या आठ मेगाज्यूलांवर तिघांचा हक्क असतो. पहिला हवेचा, जिला बाजूला सारीत गाडीला पुढे जावे लागते. दुसरा टायरांचा, जे प्रत्येक फेऱ्यात रस्त्यावर दबतात आणि पुन्हा पूर्ववत होताना तापतात. आणि तिसरा ब्रेकचा. पहिल्या दोघांचे देणे टाळता येत नाही, ते कमी-अधिक करता येते एवढेच. तिसऱ्याचे देणे मात्र बव्हंशी चालकाने आपण होऊन ओढवून घेतलेले असते, आणि या प्रकरणाचा पुष्कळसा भाग मी त्यालाच देणार आहे.

हवेचा हिशेब सरळ आहे. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. साधारण लहान आकाराच्या, चालकासह एक हजार किलो वजनाच्या मोटारीचे उदाहरण घेतले, तर साठ किलोमीटरांच्या आसपास हवेचा विरोध आणि टायरांचा विरोध जवळजवळ समसमान होतात. त्याच्या खाली टायरांचे वर्चस्व आणि त्याच्या वर हवेचे. ऐंशीच्या वेगाला हवा टायरांच्या दीडपटीहून अधिक मागते आणि शंभराला ती अडीचपटीच्या पुढे जाते. परभणीहून जिंतूर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. तेवढा रस्ता ऐंशीच्या स्थिर वेगाने कापता आला तर अर्धा तास लागेल, साठने चाळीस मिनिटे लागतील. या दहा मिनिटांपायी चाकांना जे काम करावे लागते ते तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते. प्रत्यक्षात ही दहा मिनिटेही पदरात पडत नाहीत, कारण वाटेत लागणारी गावे, वळणे, गुरे आणि ट्रॉल्या ऐंशीचा वेग सलग टिकू देत नाहीत. खर्च मात्र पुरेपूर झालेला असतो.

भारत सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या आश्रयाखाली १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था गेली कित्येक दशके ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा पुरस्कार करीत आली आहे, तो याच कारणाने. या संस्थेच्या जन्मामागे १९७३च्या तेलसंकटाची पार्श्वभूमी होती. त्या वर्षाच्या अखेरीस काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रालाही जानेवारी १९७४मध्ये कायदा करून साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची, वेगमर्यादा घालावी लागली. मग वेग आणखी कमी केला, तीस किंवा पंचवीसवर आणला, तर खर्च आणखी उतरेल का? नाही. इंजिन फिरते ठेवण्यासाठी म्हणून जे इंधन लागतेच, ते अशा वेळी फारच थोड्या किलोमीटरांवर वाटले जाते आणि दर किलोमीटरचा खर्च पुन्हा चढू लागतो. मंद गती आणि किफायत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कारण काटकसरीने गाडी चालविणारा म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेंगाळणारा आणि मागच्यांचा खोळंबा करणारा माणूस, अशी जी कल्पना रूढ आहे, तिच्यामुळे या विद्येची विनाकारण अप्रतिष्ठा झाली आहे.

आता ब्रेकचे पाहू. एक हजार किलोची मोटार शून्यापासून ऐंशीच्या वेगाला आणण्यासाठी तिच्यात सुमारे २५० किलोज्यूल गतिजन्य ऊर्जा भरावी लागते, आणि वर सांगितलेल्या हिशेबाने तेवढी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचविण्यास सुमारे ३० मिलिलिटर पेट्रोल जळते. शंभराच्या वरच्या भावाने त्याचे तीन रुपयांहून अधिक होतात. ही ऊर्जा जोवर गतीच्या रूपाने गाडीत आहे तोवर ती चालकाची स्वतःची शिल्लक असते; तिच्या बळावर तो इंजिनाकडून काहीही न घेता शेकडो मीटर जाऊ शकतो. ब्रेकवर पाय पडला की हीच शिल्लक ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत विरून जाते आणि तिच्यातील एक थेंबही परत टाकीत येत नाही. विजेवर व पेट्रोलवर अशा दोहोंवर चालणाऱ्या संकरित गाड्या तिच्यातील काही अंश बॅटरीत परत घेतात, हे खरे; परंतु आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य गाड्या तशा नाहीत. वेग ऐंशीऐवजी चाळीसच असता, तर त्यातील ऊर्जा अर्धी नव्हे, तर पावच, म्हणजे आठएक मिलिलिटरांची असती. याचा अर्थ असा की, थांबावे लागणे ही गोष्ट तितकीशी खर्चाची नाही. खर्चाचे आहे ते मोठ्या वेगाने थांब्याच्या तोंडापर्यंत येऊन तेथे थांबणे.

परभणी जिल्ह्यातील रस्त्यांवर ही बाब पदोपदी आड येते. पाथरी, मानवत, परभणी अशी गावे जोडीत पुढे वसमत-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग घ्या किंवा गंगाखेड, सोनपेठ, पालम यांच्याकडे जाणारे रस्ते घ्या, दर काही किलोमीटरांवर गाव येते, गावाच्या तोंडाशी गतिरोधक येतो, बसथांब्याजवळ दुसरा आणि शाळेपुढे तिसरा. अशा तीन-चार गावांतून प्रत्येक गतिरोधकाच्या दहा पावले अलीकडे ब्रेक दाबीत आणि ओलांडताच जोराने रेस देत जाणारा चालक गंगाखेडला पोहोचेपर्यंत काहीशे मिलिलिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापविण्यात घालवितो. यावर उपाय एकच, आणि तो पायात नसून डोळ्यांत आहे: नजर गाडीच्या नाकापुढे न ठेवता रस्त्याच्या टोकाशी ठेवणे.

या बाबतीत निसर्गाने परभणीकरांवर मोठीच कृपा केली आहे. जिंतूरकडील डोंगराळ भाग आणि बालाघाटाच्या बाजूची थोडी उंचसखल जमीन सोडली, तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठचा हा मुलुख कमालीचा सपाट आहे. खरीप उभे नसताना तर पुढचे गाव, त्याच्या वेशीजवळचा वड, थांबलेली बस, रस्ता ओलांडणारी शेळ्यांची रांग, हे सारे अर्धा-पाऊण किलोमीटरावरून दिसते. ऐंशीच्या वेगातल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला आणि गिअर तसाच राहू दिला, तर ती वाऱ्याच्या, टायरांच्या व इंजिनाच्या विरोधाने चारशे मीटरांच्या आसपास चाळीसवर उतरते. म्हणजे ज्याने गतिरोधक चारशे मीटरांवरून पाहिला आणि तेथेच पाय उचलला, त्याला ब्रेकची गरज जवळजवळ उरली नाही. त्याने त्या चारशे मीटरांचे, आमच्या उदाहरणातील पंधरा-सोळा मिलिलिटर, पेट्रोल वाचविले. आणि त्याला उशीर झाला तो अवघा काही सेकंदांचा. हेच कौशल्य माणसाळलेल्या घोड्याला लगाम न खेचता आवरणाऱ्या स्वाराच्या कौशल्याच्या जातीचे आहे, आणि ते अंगी बाणले की मग गाडीत बसलेल्यांनाही प्रवास सुखाचा वाटू लागतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

हंगामांप्रमाणे या दूरदर्शित्वाची परीक्षा बदलते. दिवाळीनंतर मानवत, सेलू आणि परभणीच्या बाजारांकडे कापसाच्या गच्च भरलेल्या गाड्या निघतात, आणि त्याच सुमारास पाथरी-गंगाखेड भागात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता व्यापून टाकतात. अशा ट्रॉलीच्या मागे अडकलेल्या चालकाचा स्वाभाविक कल असा की, अगदी जवळ जाऊन चिकटायचे, समोर फट दिसली की दाबायचे, समोरून वाहन आले की पुन्हा ब्रेक लावून मागे यायचे, आणि हा खेळ दहा वेळा खेळायचा. त्याऐवजी पन्नास-साठ मीटर मागे राहून ट्रॉलीच्याच गतीने, वरच्या गिअरमध्ये, स्थिर पायाने चालत राहिले, तर पुढचा रस्ता नीट दिसतो आणि मोकळा मिळताच एकाच दमात पुढे जाता येते. मोठ्या वाहनाच्या पाठीशी चिकटून राहिल्यास हवेचा विरोध कमी होतो, असे वाचून काही उत्साही लोक तसे करू पाहतात. भौतिकशास्त्रदृष्ट्या ते खरे आहे. परंतु मागे दिवा नसलेल्या, उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या ट्रॉलीच्या पाच मीटर मागून रात्री गाडी हाकणे हा जिवाशी केलेला सौदा आहे, आणि पेट्रोलच्या कोणत्याही भावाला तो किफायतशीर ठरत नाही.

आणखी एक अडचण येथल्या मातीतूनच उद्भवते. काळी कापसाची जमीन पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता, पाया पुरेसा खोल व भक्कम नसेल तर, तिच्याबरोबर वर-खाली होतो. डांबरीकरण नवे असतानाही लांब-लांब लाटा उठतात व कडा खचतात. अशा रस्त्यावर वेग वाढवून खड्ड्यापाशी ब्रेक लावण्याची पद्धत सर्वांत महागाची. रस्त्याला जो वेग सलग झेपेल, तो पन्नास असो वा पंचेचाळीस, हेरून तोच धरून ठेवणे स्वस्त पडते. आणि टायर, सस्पेन्शन व माणसांच्या कमरा यांचीही त्यात बचत होते.

गिअरच्या बाबतीत आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध चुका चालतात. काही जण इंजिन कर्कश होईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच गाडी ओढतात. तर काही जण, वरचा गिअर म्हणजे बचत एवढेच ऐकून, तिसाच्या वेगाला पाचवा टाकतात आणि गाडी हिसके देत, कण्हत चालते. पेट्रोलचे इंजिन थोड्या फेऱ्यांत आणि बऱ्यापैकी भाराखाली अधिक कार्यक्षम असते. याचे मर्म असे की, पाय अगदी हलका ठेवला असता हवेच्या वाटेतील झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिनाला त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच शक्ती खर्चावी लागते. फेऱ्या अधिक असतील तर ही ओढाताण आणि घर्षण दोन्ही वाढतात. म्हणून वेग घेताना मुळुमुळु न घेता मध्यम जोराने घ्यावा, दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्या आत गिअर चढवीत जावे, आणि इंजिन कुरकुरत नाही अशा सर्वांत वरच्या गिअरमध्ये स्थिर व्हावे. डिझेलच्या इंजिनात ही झडपेची अडवणूक नसते, म्हणून हलक्या भाराखाली ते पेट्रोलपेक्षा सरस ठरते. गिअर लवकर चढविण्याचा नियम मात्र त्यालाही लागू आहे.

इंजिन मध्यम भाराखाली चालवून वेग घ्यायचा आणि मग ते बंद करून गाडी घरंगळू द्यायची, या तंत्राचा परमोत्कर्ष पाहायचा तर शेल कंपनीच्या शर्यतींकडे पाहावे. १९३९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात त्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी, एका गॅलनमध्ये कोणाची गाडी अधिक दूर जाते, अशी आपसांत पैज लावली, आणि विजेत्याने सुमारे पन्नास मैल मजल मारली. तीच पैज वाढत वाढत आज जगभरच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा झाली असून तिच्यासाठी बांधलेली चिमुकली वाहने लिटरला शेकडो, क्वचित हजारो किलोमीटर जातात. परंतु ती स्पर्धा राखीव मार्गावर चालते. जिंतूर-येलदरीच्या उतारावर चावी फिरवून इंजिन बंद करणे याचा अर्थ ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे बळ गमावणे असा आहे, आणि ही गोष्ट कोणीही, कितीही सराव असला तरी, करू नये.

उतारावर न्यूट्रल टाकण्याची सवय याहून अधिक पसरलेली असून तिच्यामागे एक जुने कारण आहे. अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. गिअरमध्ये उतरतानाही इंजिन जोराने फिरत राही आणि कार्ब्युरेटर त्याला थोडेबहुत पेट्रोल पाजतच राही, त्यामुळे न्यूट्रलमध्ये काही थेंब वाचत असतीलही. आजच्या गाड्यांत इंधन सोडण्याचे काम संगणक करतो. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाच्या फेऱ्या पुरेशा असल्या की तो इंधन पूर्णपणे बंद करतो, कारण चाकेच इंजिनाला फिरवीत असतात. न्यूट्रल टाकताच मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी त्याला पुन्हा पेट्रोल सोडावे लागते. तेव्हा ज्या युक्तीने आजोबांच्या गाडीत पैसा वाचला असेल, तीच नातवाच्या गाडीत थांब्याकडे येताना पैसा घालविते, आणि उतारावर इंजिनाचा आवर काढून घेऊन सारा भार ब्रेकवर टाकते. साधनांबरोबर कौशल्यही बदलावे लागते, ते असे.

ही विद्या परभणीला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. निजामाच्या राज्याने जून १९३२मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ही वाहतूकही यथावकाश एस.टी.कडे आली. एस.टी.च्या आगारात चालकाच्या इंधनाचा हिशेब दर दहा लिटरला किती किलोमीटर या मापाने ठेवला जातो, आणि त्या आकड्याला तेथे आगारप्रमुखापासून शिकाऊ चालकापर्यंत सर्वांच्या लेखी महत्त्व असते. जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेड आगाराची गाडी हाकणारा अनुभवी चालक थांबा येण्यापूर्वी किती आधी पाय उचलतो, भरलेली गाडी उठविताना गिअर किती अदबीने चढवितो, हे त्याच्या मागच्या बाकावर बसून एकदा लक्षपूर्वक पाहावे. पुस्तकातील चार पानांपेक्षा ते अधिक शिकविते, असे मी मनःपूर्वक म्हणतो.

राहिलेल्या बाबी थोडक्यात. चारही टायरांतील हवा नेमलेल्या दाबापेक्षा जितके पीएसआय कमी, तितक्या प्रत्येकामागे इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. हा आकडा क्षुल्लक भासला तरी महिनोन्‌महिने हवा न तपासलेल्या टायरात तो साठत जातो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, कारण मे महिन्याच्या दुपारी तापलेला टायर खोटा दाब दाखवितो. आणि बचतीच्या लोभाने ती प्रमाणाबाहेरही भरू नये, कारण पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असताना टायरची पकड हीच जीव वाचविते. लग्नसराईत टपावर चढविलेला कॅरिअर हंगाम संपताच उतरवावा. मोठ्या वेगाला टपावरील बोजा दहा ते पंचवीस टक्के इंधन खातो. क्लचवर पाय टेकवून गाडी हाकणे सोडावे. थंडीच्या सकाळी गाडी जागेवर गरम करीत बसण्याची आजच्या इंजिनाला आवश्यकता नाही. निघावे, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर मवाळपणे चालावे.

रेल्वे फाटकापाशी, किंवा बाजाराच्या दिवशी कोंडी झाली असता, इंजिन बंद करावे. पुन्हा सुरू करण्यास जेवढे पेट्रोल लागते, तेवढे दहाएक सेकंद उभ्या-उभ्या जळतेच. आणि फाटक काही दहा सेकंदांत उघडत नाही.

वातानुकूलन यंत्राबद्दल माझे मत निःसंदिग्ध आहे. ते इंजिनावर भार टाकते, हे खरे. गावातल्या संथ वेगात काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते आणि मोठ्या वेगाला उघड्या काचांतून शिरणारी हवाच गाडीला मागे खेचीत असल्याने काचा लावून यंत्र चालविणे बरे पडते, हेही खरे. परंतु पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकलेल्या परभणीच्या उन्हाळ्यात लहान मूल किंवा वृद्ध माणूस गाडीत असता पेट्रोलचा विचार करून यंत्र बंद ठेवणे ही काटकसर नव्हे. गाडी लिंबाच्या सावलीत लावावी, निघताना प्रथम काचा उघडून आतली कोंडलेली वाफ जाऊ द्यावी, आणि मग यंत्र सुरू करावे. एवढ्याने त्याचे काम निम्म्यावर आले नाही तरी बरेच हलके होते.

हे सारे करून लाभ किती झाला, हे अंदाजाने ठरवू नये. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, या प्रश्नाला आपल्याकडे विक्रेत्याने सांगितलेला आकडा उत्तरादाखल दिला जातो. परंतु तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगक्रमाने आणि ताशी ९० किलोमीटरांच्या पुढे न जाता केलेल्या चाचणीतून आलेला असतो. तेथे उसाची ट्रॉली नसते, गतिरोधक नसतो आणि मे महिनाही नसतो. खरा आकडा काढण्याची रीत अशी की, एका पंपावर टाकी काठोकाठ न भरता नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटरांचा आकडा टिपून ठेवावा, निदान तीन-चारशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, आणि शक्य तर त्याच पंपावर, त्याच यंत्रावर, पुन्हा तशीच भरून जितके लिटर मावले त्यांनी किलोमीटरांना भागावे. एका भरणीवरून निष्कर्ष काढू नये. ऊन, पाऊस, माणसांची संख्या आणि रस्ता यांनी आकडा डळमळतो, म्हणून अशा चार-पाच भरण्यांची सरासरी घ्यावी, आणि मगच चालविण्याच्या पद्धतीत एक बदल करून, उदाहरणार्थ केवळ पाय लवकर उचलण्याचा, पुढच्या चार-पाच भरण्यांचा आकडा त्याच्याशेजारी मांडावा. एकाच वेळी सारे बदल केले तर कोणत्या बदलाने किती दिले हे कळत नाही. वही गाडीतच ठेवावी, आणि तारीख, किलोमीटर, लिटर व भाव असे चार रकाने आखावेत. भावाचा रकाना यासाठी की, वाचलेल्या लिटरांचे रुपये किती झाले, हे वर्षअखेर घरातल्या इतरांनाही दाखविता यावे.